दोऱ्याने आवळलेला उजेड

सुतळी बॉम्बला सुतळी का असते, हा प्रश्न दिवाळीत फारसा कुणाला पडत नाही. वात मोकळी करायची, उदबत्ती टेकवायची आणि मागे पळायचे, एवढाच त्या वस्तूशी आपला संबंध. पण ती सुतळी शोभेसाठी नसते. बंदुकीची दारू उघड्यावर पेटवली तर भस्सकन जळून जाते, आवाज असा करत नाही. तीच दारू चहूबाजूंनी कोंडली की जळताना सुटणारा वायू आत साठतो, दाब चढत जातो आणि एका क्षणी कवच फाटते. कवच जितके घट्ट, तितका बार मोठा. म्हणजे आपण कानांवर हात ठेवून जो आवाज ऐकतो, त्यातला मोठा वाटा सुतळीचा असतो.

शिवकाशीच्या कारखान्यांत हे तत्त्व एका आवाजापुरते वापरले जाते. दक्षिण इटलीत आणि माल्टा बेटावर मात्र याच साध्या दोऱ्याच्या आधाराने एक मोठी कला उभी राहिली. तिथले आतषबाज आकाशात फुटणारे गोळे कागदाचे करतात आणि ते फुटेपर्यंत धरून ठेवण्याचे काम दोऱ्यावर सोपवतात. गोळ्यावर दोरा चढवणे हे तिथले स्वतंत्र कसब आहे, आणि आतषबाजीत रंगाच्या मसाल्याहून ते मोठे आहे असे माझे ठाम मत आहे. मसाला वहीत उतरवून ठेवता येतो, बापाकडून मुलाकडे जातो, चोरताही येतो. दोऱ्याला किती ताण द्यायचा हे मात्र वहीत उतरत नाही.

इटलीतली आतषबाजी जुनी आहे. रोममध्ये कास्तेल सांत’आंजेलोच्या गढीवरून होणारी ‘जिरांदोला’ ही आतषबाजी पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून प्रसिद्ध होती. १५४० साली व्हेनिसमध्ये छापलेल्या वान्नोच्चो बिरिंगुच्चो याच्या ‘दे ला पिरोतेक्निया’ या धातुविद्येच्या ग्रंथातही सणासुदीच्या आगीच्या खेळांना जागा मिळाली आहे. त्या काळच्या आतषबाजीत आजच्यासारखे रंग नव्हते. कोळशाच्या आणि लोखंडाच्या ठिणग्यांची सोनेरी, नारिंगी छटा एवढेच भांडवल होते. लाल, हिरवा, निळा आला तो एकोणिसाव्या शतकात, पोटॅशियम क्लोरेट आतषबाजांच्या हाती पडल्यावर. रंग आले आणि गोळ्याचे महत्त्व वाढले, कारण रंग दाखवायचा तर तो आकाशात नीट पसरला पाहिजे. पसरवण्याचे काम दोऱ्याचे.

इटालियन पद्धतीचा गोळा नावालाच गोळा, आकाराने तो उभ्या डब्यासारखा दंडगोल असतो. लाकडी साच्यावर खाकी कागदाचे वेढे घालून त्याचे नळकांडे होते. दोन्ही तोंडांना जाड पुठ्ठ्याच्या चकत्या बसतात. वरच्या चकतीतून ‘स्पोलेट्टा’ आत जातो. ही हाताने वळलेली, दारू ठासून भरलेली छोटी कागदी नळी. गोळा वर जात असताना ती जळत राहते आणि तो शिखरावर पोहोचेल त्या सुमारास आग पोटात पोहोचवते. पोटात असतात तारे, म्हणजे रंगाच्या मसाल्याच्या घट्ट वड्या, आणि मधोमध गोळा फोडणारी दारू. ताऱ्यांमधल्या फटीसुद्धा जाडसर दारूने भरून काढतात. गोळा आतून भरीव असला पाहिजे, यावर जुन्या कारागिरांचा कटाक्ष असतो. पोकळी राहिली तर दोरा आवळताना कवच तिथे दबते, शेजारचा वेढा सैल पडतो आणि पुढचे सगळे गणित चुकते.

आता दोरा. तो खळीतून काढून घेतलेला असतो. ही खळ आपल्याकडे बुकबाइंडर वापरतात तशीच, गव्हाच्या पिठाची. ओला दोरा कवचावर घट्ट बसतो आणि वाळल्यावर कागदाशी एकजीव होतो. सुरुवात उभ्या वेढ्यांनी होते. दोरा वरच्या चकतीवरून, स्पोलेट्ट्याला बगल देऊन, एका अंगाने खाली उतरतो, तळाच्या चकतीखालून जातो आणि दुसऱ्या अंगाने वर येतो. दर फेरीला गोळा हातात किंचित फिरतो, म्हणजे पुढचा दोरा मागच्यापासून ठरलेल्या अंतरावर पडतो. गोळा जितका मोठा, तितके उभे दोरे जास्त आणि दोराही जाड. उभे संपले की गाठ मारून दोरा आडवा वळतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोल गोल चढत जातो. दोन आडव्या दोऱ्यांमधले अंतर उभ्यांमधल्या अंतराएवढेच ठेवायचे. काम चांगले झाले की सगळ्या अंगावर सारख्या मापाच्या चौकोनांची जाळी दिसते. मोजपट्टी कुणी लावत नाही. माप डोळ्यात असते.

ताण देण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या. कुणी नुसत्या हाताच्या जोरावर ओढतो. कुणी दोऱ्याचे टोक भक्कम खुंटीला अडकवून, गोळा दोन्ही हातांत धरून, अंगाचा भार मागे टाकत गुंडाळतो. काही कारखान्यांत त्यासाठी लाकडी घोडी असते. तिच्यातून दोरा अडत अडत येतो, त्यामुळे ताण एकसारखा राहतो. साधन कोणतेही असो, पहिल्या वेढ्याला जो ताण दिला तोच शेवटच्या वेढ्याला द्यायचा असतो. बाज विणणारा जसा पहिल्या ओळीपासून दोरीचा ताण ढळू देत नाही, नाहीतर मधेच झोळ पडतो, तसेच हे. फरक असा की बाजेचा झोळ पुन्हा ओढून काढता येतो. इथला झोळ कळतो तो आकाशात, आणि तेव्हा दुरुस्तीची वेळ गेलेली असते.

जाळीवर खळ लावलेल्या कागदाचे थर चढतात आणि गोळा वाळायला ठेवतात. दक्षिण इटलीचे आणि माल्टाचे कोरडे, उन्हाळी हवामान या कामाला फार सोयीचे. वाळलेल्या गोळ्यावर दोऱ्याची जाळी डोळ्यांना दिसत नाही, कागदाखालून बोटांना मात्र लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? दोरा दोन वेगळी कामे करतो. पहिले काम जमिनीवरचे. गोळा उखळीच्या नळीत उतरवतात, त्याच्या बुडाखालची दारू पेटते आणि तो तोफेच्या गोळ्यासारखा वर फेकला जातो. त्या क्षणी बुडाला प्रचंड धक्का बसतो. कवच तिथेच उसवले तर गोळा नळीत फुटतो आणि आकाशातले सगळे तारे जमिनीलगत उधळतात. माणसे जखमी होतात ती बऱ्याचदा अशा वेळी. तळाच्या चकतीखालून गेलेले ते उभे दोरे इथे आपले काम करतात. दुसरे काम वरचे. आतला दाब चढू लागला की कवचाने सगळीकडून एकदम हार मानली पाहिजे, एका बाजूने आधी नाही. सारख्या चौकोनांची जाळी असली तर कवचाला कमजोर अशी बाजूच उरत नाही. सगळे चौकोन जवळपास एकाच वेळी सुटतात आणि तारे चहूकडे सारख्या वेगाने जातात.

त्यामुळे जाणकार प्रेक्षक जमिनीवर उभा राहून दोरा वाचू शकतो. फुलोरा एका बाजूला ओघळला तर त्या बाजूचा दोरा सैल होता. तारे जेमतेम पसरून घोळक्याने खाली आले तर सगळीच बांधणी ढिली होती. आणि धमाका दणदणीत झाला, पण रंग दिसलाच नाही, तर बांधणी ताऱ्यांना झेपली नाही. स्फोटाच्या झोताने ते पेटते राहू शकले नाहीत. म्हणून सगळ्यात घट्ट बांधणारा तो सगळ्यात मोठा कारागीर, असे इथे नाही. कोळशाच्या लांब शेपट्यांचे, विलोच्या फांद्यांसारखे झुकत येणारे तारे हळुवार फुटणाऱ्या गोळ्यात खुलतात. टपोऱ्या रंगाच्या ताऱ्यांना जास्त जोर सोसतो. शेवटच्या धमाक्याच्या भागावर सगळ्यात दाट दोरा पडतो. आत काय भरले आहे ते पाहून हात ताण ठरवतो.

दोऱ्याची खरी कमाल दिसते ती अनेक मजली गोळ्यात. इटालियन घराण्यांनी आणि माल्टाच्या आतषबाजांनी दंडगोल आकार टिकवला तो मुख्यतः यासाठीच. डब्यावर डबा रचता येतो, चेंडूवर चेंडू नाही. तीन, चार, पाच स्वतंत्र गोळे, प्रत्येक आपापल्या दोऱ्यात बांधलेला, एकावर एक ठेवतात आणि त्या सगळ्यांना मिळून पुन्हा वरपासून खालपर्यंत दोरा चढतो. एकाच नळीतून हा मनोरा वर जातो. पहिला मजला फुटतो, लाल. त्याच आगीने दुसऱ्याचा स्पोलेट्टा पेटलेला असतो. थोडा अवकाश, मग हिरवा. मग पांढरा. शेवटी तळाचा मजला, नुसता कडकडाट. पहिला मजला फुटताना दुसऱ्याचे कवच शाबूत राहिले पाहिजे, दुसऱ्याच्या वेळी तिसऱ्याचे. शेजारी स्फोट होत असताना आपली वेळ येईपर्यंत न फुटणे, ही अपेक्षा खळीच्या कागदाकडून आणि दोऱ्याकडून केली जाते आणि चांगल्या हाताखाली ती पुरी होते. दोन स्फोटांमधले अंतर सारखे आले की खाली उभ्या असलेल्या जुन्या माणसांच्या माना डोलतात. दक्षिण इटलीत आतषबाजी डोळ्यांइतकीच कानांनीही तपासली जाते. बारीजवळच्या आदेल्फिया गावात १० नोव्हेंबरला संत त्रिफोनच्या उत्सवात आतषबाजांची चढाओढ लागते, आणि तिच्यात भर दिवसा उडणारे गोळेही असतात. उन्हात रंग फिका पडतो. उरतो तो धूर, ताल आणि आवाज.

माल्टाची गोष्ट याहून जिव्हाळ्याची आहे. ३१६ चौरस किलोमीटरचा हा देश, वस्ती साडेपाच लाखांहून अधिक, आणि त्यात आतषबाजीचे तीसहून अधिक कारखाने. बहुतेक कारखाने धंद्यासाठी चालतच नाहीत. गावचा संत, गावची फेस्ता म्हणजे त्या संताचा उत्सव, आणि त्या फेस्तेसाठी गावातल्याच माणसांनी विनामोबदला केलेले दारूकाम. दिवसा नोकरी किंवा गवंडीकाम करणारे लोक संध्याकाळी शेतातल्या ‘कामरा तान-नार’मध्ये जाऊन बसतात. वस्तीपासून लांब, एकमेकींपासूनही अंतर राखलेल्या बुटक्या दगडी खोल्या. वर्षभर तिथे कागद वळला जातो, दोरा चढतो, गोळे वाळतात, आणि उन्हाळ्यातल्या एका आठवड्यात सगळे उडवून टाकले जाते. पुढच्या आठवड्यात नव्या वर्षाचा पहिला कागद. बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांच्या काळी नव्या ग्रँडमास्टरची, म्हणजे त्यांच्या प्रमुखाची, निवड झाली की आतषबाजी होई. सरदार १७९८ साली नेपोलियनपुढे हरून निघून गेले, आतषबाजी गावागावात राहिली.

मकाब्बा हे तिथले दगडाच्या खाणींचे लहानसे गाव. त्यात आतषबाजीचे दोन कारखाने आणि दोन उत्सव: जूनमध्ये लिलींच्या मातेचा, १५ ऑगस्टला सांता मारियाचा. अर्ध्या गावाने एकीकडे, अर्ध्याने दुसरीकडे असायचे, आणि दरवर्षी समोरच्याला मागे टाकायचे. या चुरशीतून सांता मारियाच्या कारखान्याने २००७ साली इटलीतल्या वाल्मोंतोने येथे ‘कापुत लुचिस’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. लिलीवाल्यांनी १८ जून २०११ रोजी ३२ मीटर व्यासाचे फिरते अग्निचक्र उभारून जागतिक विक्रम केला. एका खेड्याच्या दोन आळ्यांनी हे केले. माल्टाच्या गावफेस्तेला २०२३ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

या सगळ्याची किंमत मोजावी लागते आणि ती लपवून या कलेचे गुण गाणे मला पटत नाही. ५ सप्टेंबर २०१० रोजी गोझो बेटावरच्या आर्ब गावी कारखान्यात स्फोट झाला आणि सहा माणसे गेली, त्यातली बहुतेक एकाच कुटुंबातली. माल्टात असे स्फोट पुन्हा पुन्हा झाले आहेत. चौकशा होतात, रसायनांबाबतचे नियम कडक होतात. दोऱ्याचा यात दोष नसतो, जीव जातो तो बहुधा मसाला हाताळताना. तरी खळीने माखलेल्या बोटांनी सावकाश केलेले हे काम शेवटी दारूशेजारी बसूनच करायचे असते. गावातल्या तरुणाला संध्याकाळी तिकडे पाठवणाऱ्या आईला हे पुरते ठाऊक असते.

जपानी लोकांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांचा गोळा खराच गोल. दोन अर्धगोल कवचे जोडायची आणि वरून कागदाच्या पट्ट्या थरावर थर चिकटवत जायच्या, मधून मधून गोळा फळीखाली लाटून थर दाबून घ्यायचे. दोऱ्याचे काम तिथे कागदाचे थर करतात. फुटल्यावर शेवंतीसारखा अचूक वर्तुळाकार फुलोरा मिळतो. सौंदर्यात तो कुणाला हार जाणार नाही. पण त्या पद्धतीत एकामागून एक उमलणारे मजले आणि त्यांचा ताल नाही. ज्याला चित्र हवे त्याने जपानी गोळा पाहावा, ज्याला चाल हवी त्याने इटालियन. मला चाल आवडते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतून माणसांचे लोंढे अमेरिकेला निघाले तेव्हा दोऱ्याचे कसबही बोटीतून गेले. पेनसिल्व्हेनियातले न्यू कॅसल हे चुनखडीचे आणि पोलादाचे गाव. तिथे कासेर्ता भागातून आलेल्या झांबेल्ली आणि व्हिताले या घराण्यांनी आतषबाजीचा जम बसवला. गाव आजही स्वतःला अमेरिकेची आतषबाजीची राजधानी म्हणवून घेते. बारीकडून आलेल्या दुसऱ्या एका घराण्याचे वंशज, ग्रुची, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर स्थिरावले. १९७९ साली माँटे कार्लोच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले अमेरिकन कुटुंब. १९८३ साली त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि घरातली दोन माणसे गेली.

गंमत अशी, की दोऱ्यावर वाढलेल्या याच घराण्याने दोऱ्याला रजा दिली. थोरल्या फेलिक्स ग्रुचींनी बिनदोऱ्याचा गोळा तयार केला. कारण व्यवहारी होते. गोळा फुटल्यावर दोऱ्याचे जळते तुकडे खाली येतात, आणि अमेरिकेतल्या दाट शहरांत खाली माणसे, गाड्या, छपरे असतात. त्यांचा निर्णय योग्य होता. प्रेक्षकाच्या डोक्यावर निखारा पडू न देणे ही आतषबाजाची पहिली जबाबदारी आहे. पुढे चीनमधून, विशेषतः हुनान प्रांतातल्या लिऊयांगहून, तयार गोळे स्वस्तात येऊ लागले आणि हाताने दोरा चढवणे परवडेनासे झाले. आज जगभरच्या मोठ्या सोहळ्यांतले बहुतेक गोळे चीनमधूनच येतात. ते चांगले असतात. पण पाच मजल्यांचा तालात फुटणारा गोळा त्या पेट्यांत क्वचितच सापडतो.

कसब विझण्याच्या बेतात असताना ते लिहून ठेवण्याची बुद्धी कुणाला तरी झाली, हे फार चांगले झाले. १९८०च्या दशकात ‘पायरोटेक्निका’ या अमेरिकन नियतकालिकात ‘फुलकानेली’ या टोपणनावाने पारंपरिक दंडगोल गोळ्यावर दीर्घ लेख आले. कागद किती वेळा वळायचा, दोरा कुठून कुठे न्यायचा, गाठ कुठे मारायची, जुन्या इटालियन कारागिरांच्या मागे उभे राहून पाहिलेले सगळे त्यात बारकाईने उतरले. ताण वहीत उतरत नाही, हे मी वर म्हटले ते खरेच; पण बाकीचे उतरले, म्हणून पुढच्या माणसाला निदान कुठून सुरुवात करायची हे कळते. घराण्याबाहेरच्या हौशी लोकांनी ते वाचून, परवाने काढून, पुन्हा दोरा हातात घेतला. त्यांच्या मेळाव्यांत आजही हाताने बांधलेले मजली गोळे उडतात.

आपल्याकडे या विद्येचा लिखित इतिहास शोधण्याचे काम एका मराठी माणसाने केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय आतषबाजीवर इंग्रजीत निबंध प्रसिद्ध केला. एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’तल्या दारूकामाच्या वर्णनाकडेही त्यांनी लक्ष वेधले. पोथ्या, बखरी, प्रवाशांची टिपणे, जिथे म्हणून उल्लेख सापडला तिथून त्यांनी तो उचलला. पण पोथीत दारूकामाचे वर्णन मिळते. दारू ठासणाऱ्या हाताचे मिळत नाही.

तो हात आपल्या गावांतही होता. जत्रेला उखळी बार काढणारे, लग्नाच्या वरातीला नळे आणि चंद्रज्योती करून देणारे दारूवाले अजून आठवणीत असलेली माणसे हयात आहेत, आणि काही ठिकाणी ते दारूवालेही. नळ्याला कागद कोणता, खळ कशी, सुतळी कुणाकडची, बार भरताना काय पाळायचे, कोणत्या वर्षी काय बिघडले, हे त्यांना विचारले तर ते सांगतील. मसाल्याची प्रमाणे विचारू नका, ती त्यांच्याजवळच असू द्या. बाकीचे मात्र वही घेऊन बसा आणि लिहून घ्या, नावगावासकट, आणि जमल्यास एखादे छायाचित्रही काढून ठेवा.